नगरच्या छावणीत जन्मली, सयामच्या राजवाड्यात मास्तरीण झाली. पण जन्मगाव मरेपर्यंत लपवलं

आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी आता कुठं कुठं गेलीत. कोणी दुबईत, कोणी जर्मनीत, कोणी जपानी भाषा शिकून तिकडं. पण आज सांगतोय ती गोष्ट विमानं नव्हती तेव्हाची आहे. तीस वर्षांची एक विधवा बाई, बरोबर साडेपाच वर्षांचा मुलगा. ओळखीचं कोणी नाही, तिथल्या भाषेचा गंध नाही. अशी ती १८६२ साली बोटीनं सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेली आणि तिथल्या राजाच्या मुलाबाळांना इंग्रजी शिकवायला लागली.

पुढं या बाईवर कादंबरी आली, नाटक आलं, हॉलिवूडचे सिनेमे निघाले. नाव ॲना लिओनोवेन्स. जगभरच्या लोकांना ती वेल्समधली, चांगल्या घरची इंग्रज बाई म्हणून माहीत होती. प्रत्यक्षात तिचा जन्म झाला आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तो आपल्याला माहीत नाही याचं कारण तिनंच तो कोणाला कळू दिला नाही.

बाप गेला, मग पोर जन्मली

नगरचा भुईकोट किल्ला इंग्रजांनी १८०३ साली घेतला. त्यानंतर इथं कंपनी सरकारची फौज राहायला लागली. त्या फौजेत थॉमस एडवर्ड्स नावाचा एक सार्जंट होता. मूळचा इंग्लंडमधला सुतारकाम करणारा, कपाटं-टेबलं बनवणारा गडी. त्यानं १८२९ साली ठाण्याच्या चर्चमध्ये मेरी ॲन ग्लासकॉट हिच्याशी लग्न केलं. मेरी ॲनचा बाप फौजेतला इंग्रज अधिकारी. तिची आई मात्र कागदोपत्री सापडत नाही. ती इथलीच किंवा अर्धी इथली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ॲना जन्मली नोव्हेंबर १८३१ मध्ये. तिचा बाप त्याआधी तीनच महिने वारला होता. पदरात दोन मुली, फौजेच्या वस्तीत राहणं. आईनं जानेवारी १८३२ मध्ये दुसरं लग्न केलं, पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश शिपायाशी. त्याच्या बदल्या होतील तसं घर हलायचं. पुढं हे कुटुंब पुण्यात आलं. म्हणजे ॲनाचं लहानपण बंगल्यात नाही, साध्या शिपायांच्या वस्तीत गेलं. अशा पोरांच्या कानावर घरात इंग्रजी आणि बाहेर इथली बोली पडणारच.

तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न पंधराव्या वर्षीच एका फौजी माणसाशी लावून दिलं. ॲनानं मात्र आपल्या पसंतीचा नवरा केला. १८४९ साली नाताळच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स, साधा क्लार्क. लिऑन आणि ओवेन्स ही दोन नावं जोडूनच पुढं लिओनोवेन्स हे आडनाव झालं.

दोन लेकरं गेली, मग नवराही गेला

पहिली मुलगी झाली ती दीड वर्षाची व्हायच्या आत गेली. १८५२ साली नवरा-बायको पोट भरायला ऑस्ट्रेलियाकडं निघाले. बोटीवरच मुलगा झाला. तोही पुढच्या वर्षी पर्थला गेला. तिथं ॲनानं मुलींची शाळा काढून बघितली, पण ती चालली नाही. ऑस्ट्रेलियातच १८५४ ला ॲव्हिस ही मुलगी आणि १८५६ ला लुई हा मुलगा झाला. ही दोघं जगली.

तिकडंही बस्तान बसेना. मग कुटुंब मलायातल्या पेनांगला आलं. तिथं नवऱ्यानं हॉटेल चालवायला घेतलं. मे १८५९ मध्ये तो अचानक वारला. ॲना तेव्हा सत्तावीस वर्षांची. जवळ पैसा नाही, दोन लहान पोरं, सासर-माहेरचं माणूस जवळ नाही.

आपल्याकडं अशा वेळी बाई माहेरी परत येते. ॲना परतली नाही. ती सिंगापूरला गेली.

नवीन गाव, नवीन जन्मकथा

सिंगापूरला तिनं इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी छोटी शाळा काढली. पण अडचण अशी होती की त्या काळी इंग्रज घरांतून अंगात हिंदुस्थानी रक्त असलेल्या, शिपायाच्या घरात जन्मलेल्या बाईला कोणी शिक्षिका म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नसे. तिचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी आधी विचारलं जाई ते कूळ.

मग तिनं कूळच बदललं. जन्म वेल्समधल्या कार्नार्व्हनचा सांगितला. जन्मसाल १८३१ चं १८३४ केलं. बाप सार्जंटचा कॅप्टन झाला आणि शीख लढाईत मारला गेला. नवरा क्लार्कचा मेजर झाला आणि वाघाच्या शिकारीनंतर ऊन लागून गेला. सगळंच खोटं. पण त्या काळी सिंगापूरला बसून कोण तपासणार होतं? ना फोन, ना आधार कार्ड. लोकांना ते पटलं आणि तिची पोरं जेवली.

त्यासाठी तिनं माहेराशी संबंध तोडला. आई, बहीण, भाचरं सगळी मागं राहिली. गंमत बघा, त्याच बहिणीचा नातू पुढं हॉलिवूडचा मोठा नट झाला, बोरिस कार्लोफ. भुताखेतांच्या सिनेमात काम करणारा.

राजवाड्यातली शाळा

सयामचे राजे मोंगकुट हे काही साधे गृहस्थ नव्हते. गादीवर बसण्याआधी ते सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होते. इंग्रजी आणि लॅटिन शिकले होते, आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा त्यांचा अभ्यास होता. एका बाजूला ब्रह्मदेशात इंग्रज शिरलेले, दुसऱ्या बाजूला व्हिएतनामकडून फ्रेंच सरकत होते. मध्ये सयाम. गोऱ्यांशी व्यवहार करायचा तर त्यांची भाषा आपल्या मुलांना आलीच पाहिजे, हे राजांनी ओळखलं होतं. त्यांनी तर अमेरिकेला हत्ती द्यायची तयारी दाखवली होती. तिकडचे अध्यक्ष लिंकन यांनी आभार मानून नको म्हणून कळवलं.

याआधी मिशनरी बायका राजवाड्यात शिकवायला येत. पण इंग्रजीबरोबर धर्मही शिकवत, ते राजांना नको होतं. म्हणून त्यांनी फक्त भाषा आणि विद्या शिकवणारी बाई शोधायला सांगितलं. सिंगापूरचे चिनी व्यापारी तान किम चिंग हे राजांचं तिकडचं काम बघत. त्यांनी ॲनाचं नाव सुचवलं.

ॲनानं सात वर्षांच्या ॲव्हिसला शिकायला इंग्लंडला पाठवलं आणि लुईला घेऊन मार्च १८६२ मध्ये बँकॉक गाठलं. एक लेकरू एका मुलखात, दुसरं दुसऱ्या. हे आईलाच कळेल.

कांद्याचं रोप एका वाफ्यातून उपटून दुसरीकडं लावलं की आधी मान टाकतं. ॲनाचंही सुरुवातीला तसंच झालं. तिनं लिहून ठेवलंय की उतरल्यावर राहायच्या जागेचीच सोय झालेली नव्हती. राजवाड्याच्या आत राहायला ती तयार नव्हती, तिला बाहेर वेगळं घर पाहिजे होतं. त्यावरून बरीच ओढाताण झाली. शेवटी बाहेर घर मिळालं आणि तिचं काम सुरू झालं.

राजवाड्याच्या आतल्या भागात फक्त बायका आणि मुलं राहत. पुरुष म्हणजे एकटे राजेच. राजांची मुलं ऐंशीच्या वर. मुलं आणि त्यांच्या आया अशी ती शाळा. त्यात राजपुत्र चुलालोंगकोर्न होता, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, पुढं गादीवर बसणारा. सोन क्लिन नावाची राजांची एक पत्नीही होती. अमेरिकेतल्या गुलामीवरची कादंबरी वाचून तिनं आपल्या पदरचे गुलाम मोकळे केले, असं ॲनानं लिहिलंय.

दिवसा शाळा, आणि पुढं पुढं राजांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचंही काम तिच्याकडं आलं. राजे आणि मास्तरीण दोघंही हट्टी, त्यामुळं खटके उडत. तरी ती पाच वर्षांहून जास्त टिकली. १८६७ साली तब्येत बरी नाही म्हणून रजेवर गेली.

ती परत यायच्या आतच राजे गेले. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. आपल्याकडं विजापूर, जमखंडी भागात दिसलं तेच. राजांनी स्वतः गणित करून त्याची वेळ आधीच काढली होती. ते बघायला दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेले, तिथं हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला वारले. पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न गादीवर आला. त्यानं बाईंना प्रेमाचं पत्र लिहिलं, पण नोकरीवर परत बोलावलं नाही.

पुस्तकं लिहिली, त्यात मीठ-मसाला घातला

आता पोटासाठी ॲना अमेरिकेत गेली. सयामवर दोन पुस्तकं लिहिली, १८७० आणि १८७३ साली. ती खपली, तिला भाषणांची आमंत्रणं आली. पण इथंच तिची दुसरी चूक आहे, आणि थायलंडचे लोक ती अजून विसरलेले नाहीत. तिनं राजांना रागीट, क्रूर रंगवलं. जमिनीखालच्या अंधारकोठडीत बायकांना डांबायचे, असंही लिहिलं. बँकॉक नदीकाठचं. तिथं थोडं खणलं तरी पाणी लागतं. ज्यानं विहीर खोदलीय त्याला सांगायला नको की अशा जमिनीत तळघर टिकत नाही. तिकडचे जाणकार हेच म्हणतात.

१९४४ साली तिच्यावर कादंबरी आली, मग नाटक, मग १९५६ आणि १९९९ चे सिनेमे. त्यात विद्वान राजा अडाणी दाखवला आणि सगळं शहाणपण मास्तरणीचं. थायलंडनं या सिनेमांवर बंदी घातली. पुढं राजे चुलालोंगकोर्न यांनी टप्प्याटप्प्यानं गुलामी बंद केली, १९०५ साली ती पूर्ण संपली. सिनेमावाले त्याचं श्रेय ॲनाला देतात. शाळेत काही बी पडलं असेलही, पण राज्य चालवलं ते राजांनी. १८९७ साली लंडनला गुरू-शिष्यांची भेट झाली. राजांनी आभार मानले असं ॲनाच्या घरचे सांगत. माझ्या वडिलांबद्दल असं का लिहिलं म्हणून विचारलं, असंही सांगतात.

शेवटी ती कॅनडात स्थिरावली. मुलगी ॲव्हिसचा नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, त्यांच्याबरोबर हॅलिफॅक्सला राहिली. तिथं १८८७ साली चार लोकांना बरोबर घेऊन चित्रकलेची शाळा काढली. ती आज विद्यापीठ झालीय आणि तिथल्या कलादालनाला ॲनाचं नाव आहे. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही ती झटली. मुलगा लुई मात्र सयामला परत गेला, राजांच्या घोडदळात अधिकारी झाला, नंतर सागाच्या लाकडाच्या धंद्यात शिरला. १९ जानेवारी १९१५ ला माँट्रियलला ॲना वारली. वय ८३. तिच्या हिशेबानं ८०.

कोळ्यांच्या अभ्यासकानं उकललं

१८८४ साली तिनं हिंदुस्थानवरही पुस्तक लिहिलं होतं. ज्या दख्खनच्या मातीत रांगली त्याच मातीबद्दल ते लिहिलं, पण बाहेरून फिरायला आलेली मडमीण म्हणून.

हे गुपित ती गेल्यावर साठ वर्षं टिकलं. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचे इंग्रज अभ्यासक होते. त्यांचा मूळ विषय कोळी, म्हणजे जाळं विणणारे किडे. त्यांना लुईचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईचा जन्मदाखला वेल्समध्ये शोधला. सापडेना. मग कंपनीच्या काळातल्या हिंदुस्थानातल्या चर्चच्या नोंदी चाळल्या. त्या लंडनला जपून ठेवल्यात. तिथं धागा लागला, आणि १९७६ साली त्यांच्या पुस्तकातून जगाला कळलं की ही बाई आपल्याकडची.

काही जणांनी तिला मग खोटारडी म्हणून मोडीत काढलं. राजांबद्दल लिहिलेल्या खोट्याला माफी नाही, हे मला पटतं. पण जन्माबद्दलचं खोटं वेगळ्या तराजूत तोलावं लागेल. शिकवायची अक्कल तिच्यात होती. सिंगापूर, बँकॉक, न्यूयॉर्क, हॅलिफॅक्स, जिथं गेली तिथं तिनं शिकवून दाखवलं. पण नगरच्या शिपाई वस्तीतली पोर म्हणून ती उभी राहिली असती तर वर्गापर्यंत कोणी पोहोचू दिलं नसतं. त्यापायी तिला आई आणि बहीण सोडावी लागली.

आज तशी वेळ नाही असं आपण म्हणतो. तरी आपल्या तालुक्यांतली पोरं पुण्यात कंपनीत लागली की गाव विचारल्यावर नुसतं पुण्याजवळ म्हणून सांगतात. काही जण आडनाव सांगतानाही अडखळतात. समोरचा काय समजेल, ही भीती अजून गेलेली नाही. तेव्हा घरातली पोर बाहेर शिकायला, शिकवायला निघाली तर तिकीट, पासपोर्ट, पैसे हे बघाच. सोबत एवढंही सांगा की कोणी विचारलं तर गावाचं नाव पूर्ण सांगायचं, तालुका-जिल्ह्यासकट.