रेघांना जीव देणारे वॉल्ट डिस्ने



मिकी माऊस तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही? कंपासपेटीवर, दप्तरावर, वाढदिवसाच्या केकवर तो असतोच. तो आहे काय, तर चार गोल आणि काही रेघा. तरी तो रुसला की आपल्याला कळते आणि लबाडी करू लागला की आपण आधीच हसतो. रेघांमध्ये हा जीव कुठून आला, हे समजण्यासाठी वॉल्ट डिस्ने यांचे जीवन पाहायला हवे.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे झाला. लहानपणाची काही वर्षे मार्सेलिन या गावी शेतावर गेली. कोंबड्या, डुकरे, घोडे यांच्यात हा मुलगा रमत असे. वडिलांच्या आजारपणामुळे शेत विकावे लागले. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आले आणि वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचे काम घेतले. वॉल्ट पहाटे उठून बर्फातसुद्धा घरोघर पेपर टाकी आणि मग शाळेत जाई. वर्गात डुलकी लागे, पण वहीच्या कडेला चित्रे निघतच. चार्ली चॅप्लिनची नक्कल करण्यातही तो पटाईत होता. नकलेचा हा छंद पुढे फार उपयोगी पडला.

तरुणपणी कॅन्सस सिटीत काढलेली कंपनी १९२३ मध्ये बुडाली. वॉल्ट हॉलीवूडला गेले आणि थोरले बंधू रॉय यांच्यासोबत त्याच वर्षी नवा स्टुडिओ सुरू केला. ओस्वाल्ड नावाचा ससा लोकांना आवडला, पण त्याचे हक्क वितरकाकडे होते. १९२८ मध्ये तो ससा आणि बरेचसे सहकारी चित्रकार हातचे गेले. तेव्हा मित्र अब आयवर्क्स यांच्यासह त्यांनी मिकी उभा केला. रेखाटन मुख्यतः आयवर्क्स यांचे, तर आवाज वॉल्ट यांचा. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ हा बोलपट झळकला आणि मिकी घरोघरी पोहोचला.

यश मिळाले तरी वॉल्ट यांचे समाधान झाले नव्हते. त्या काळची कार्टूनमधली पात्रे रबराच्या नळीसारखी वळत, पडत, उठत. लोक हसत, पण त्या पात्रांच्या मनात काही चालले आहे असे वाटत नसे. वॉल्ट स्वतः फार मोठे चित्रकार नव्हते. १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी कार्टूनसाठी चित्रे काढणे जवळजवळ थांबवले होते. मात्र काय कमी आहे हे त्यांना अचूक दिसत होते. त्यावर त्यांनी केलेला उपाय शाळेतल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पगारदार, नावाजलेल्या चित्रकारांना त्यांनी पुन्हा विद्यार्थी केले!

१९३२ मध्ये आर्ट बॅबिट नावाच्या चित्रकाराच्या घरी काही सहकारी संध्याकाळी जमून माणसाला समोर बसवून रेखाटनाचा सराव करू लागले. हे कळताच वॉल्ट यांनी तो वर्ग स्टुडिओत आणला आणि शूनार्ड कलाशाळेतील डॉन ग्रॅहॅम या शिक्षकांना नेमले. माणूस ओझे उचलताना कुठे वाकतो, दमलेला कसा चालतो, याचा तेथे अभ्यास होई. चित्रकार टेबलावर आरसा ठेवून स्वतःच तोंडे करून पाहत. कच्च्या रेखाटनांची चित्रफीत काढून तपासली जाई. एक धडा अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याचा होता. नाक-डोळे न काढता ते पोते आनंदी, उदास किंवा रागावलेले दाखवायचे. पोते दबले तर रुंद होईल, ताणले तर अरुंद होईल, पण आतले पीठ तेवढेच राहील. मुलांनो, हा प्रयोग घरी अवश्य करून पाहा.

याचे फळ लवकरच दिसले. १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये तिन्ही डुकरे अंगाने सारखी, पण आळशी कोण आणि कष्टाळू कोण हे वागण्यावरून ओळखू येते. पुढे ‘स्नो व्हाईट’साठी सुमारे १५ लाख डॉलर खर्च झाले आणि त्यासाठी कर्ज काढावे लागले. इतके लांब कार्टून कोण बघणार, असे अनेक जण म्हणत होते. २१ डिसेंबर १९३७ रोजी ते प्रथम दाखवले गेले. स्नो व्हाईटच्या पार्थिवाजवळ बुटके रडतात, त्या प्रसंगात ते फारसे हलतही नाहीत. तरी चित्रगृहातील मोठमोठ्या माणसांचे डोळे पाणावले. उड्या मारल्यानेच पात्र जिवंत होते असे नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

या जीवनाला दुसरी बाजूही आहे. पगारातील तफावत आणि श्रेय न मिळणे यामुळे स्टुडिओत नाराजी होती. मे १९४१ मध्ये संघटनेच्या कामात पुढे असलेल्या त्याच बॅबिट यांना वॉल्ट यांनी काढून टाकले. लगेच मोठा संप झाला आणि शेवटी संघटनेला मान्यता द्यावी लागली. कागदावरच्या पात्राचे मन ओळखणाऱ्या माणसाला शेजारच्या सहकाऱ्याचे मन मात्र कळले नाही. थोरांच्या चरित्रातून हेही शिकायचे असते.

१५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट यांचे निधन झाले. स्पर्धेतील २२ ऑस्कर त्यांच्या नावावर आहेत. त्यांची विद्या आपल्या देशातही पोहोचली. त्यांच्या स्टुडिओतील क्लेअर वीक्स हे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी भारतीय चित्रकारांना शिकवले. पुढे नावारूपाला आलेले राम मोहन हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

पालकांना व विश्वस्तांना एवढीच विनंती की, परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास मोकळा तास समजू नये. तो बघायला शिकवणारा तास आहे. आणि मुलांनो, चित्र काढण्याआधी आजी सुईत दोरा कशी ओवते, मांजर उडी मारण्यापूर्वी अंग कसे आखडते, हे नीट बघा. बघणे पक्के झाले की रेघ आपोआप बोलू लागते.

— मुख्याध्यापक