विधिमंडळातील बाबासाहेब

जुलै 1923 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. उच्च पदव्या आणि बॅरिस्टरी असूनही अस्पृश्य वकिलाकडे मोठे दावे सोपविण्यास सहसा कोणी धजत नसे. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत मात्र गोरगरीब आपली गाऱ्हाणी घेऊन येत. पुढे 1926 मध्ये त्यांनी ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची पुण्यात अपिलात सुटका करविली आणि वकील म्हणून त्यांचा लौकिक वाढला.

परंतु अन्यायालाच कायद्याचे बळ असेल, तर केवळ न्यायालयात लढून भागत नाही. फेब्रुवारी 1927 मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले आणि या मुळालाच त्यांनी हात घातला. 1874 च्या वतन कायद्यामुळे महार कुटुंब थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात सरकारी कामाला अहोरात्र बांधले गेले होते. ही वेठ मोडण्यासाठी मार्च 1928 मध्ये बाबासाहेबांनी विधेयक मांडले. त्यातील मूळ हेतूच निष्फळ होत असल्याचे पाहून 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक आणले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही.

मग हे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

आपला परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचे कायदे येथे लागू नव्हते. बाबासाहेब मराठवाड्यात आले ते शिक्षण घेऊन. 1950 मध्ये औरंगाबादेत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. वकिलीच्या उमेदवारीतही त्यांना वसतिगृहाचा विसर पडला नव्हता. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्येच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते.

कायदा बदलायचा तर तो वाचता येणारी पिढी घडली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. आपल्या निवासी शाळेतील दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो, तो याच कार्यासाठी. येथून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने पहिल्या अपयशाने खचून न जाता हे कार्य पुढे न्यावे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली ठरेल.