बा. सी. मर्ढेकर

बाळ सीताराम मर्ढेकर (१ डिसेंबर १९०९, फैजपूर – २० मार्च १९५६, दिल्ली) हे मराठी कवी, कादंबरीकार आणि सौंदर्यमीमांसक होते. मराठी नवकवितेचे ते प्रवर्तक मानले जातात. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली.

मनोविश्लेषणाने अबोध मनाकडे लक्ष वेधल्यानंतरच्या काळात युरोपीय कादंबरीत रुजलेले संज्ञाप्रवाहाचे तंत्र त्यांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत वापरले. ‘शिशिरागम’मधील (१९३९) भावगीताचे वळण सोडून ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात त्यांनी महायुद्धोत्तर यंत्रयुगातील शहरी माणसाचे एकाकी, दुभंगलेले मन मांडले. या संग्रहातील कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या ग्रंथास १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.