सेल्सिअसची उलटी पट्टी आणि रेषेचा चढ

घरात निरोगी मुलाचं तापमान मोजलं की एक थर्मामीटर 98.6 दाखवतो, दुसरा 37. शरीर तेच, आकडे मात्र दोन! पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, या दोन आकड्यांना जोडणारी सरळ रेषा शिकवण्याआधी मुलांना अँडर्स सेल्सिअस यांची गोष्ट जरूर सांगा.

सेल्सिअस यांचा जन्म 1701 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे झाला. वडील खगोलशास्त्राचे प्राध्यापक, दोन्ही आजोबाही प्राध्यापक; त्यामुळे गणित घरातच होतं. 1730 मध्ये ते स्वतः उप्साला विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1736 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मोपेर्तुई यांच्या मोहिमेबरोबर ते लॅपलँडच्या थंडीत गेले. तिथल्या मोजमापांमुळे पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे, या न्यूटनच्या मताला बळ मिळालं.

त्या काळी तापमापी बऱ्याच होत्या, पण त्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या. सेल्सिअस यांनी दोन पक्क्या खुणा निवडल्या : बर्फ वितळतं ती आणि पाणी उकळतं ती. हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो, हेही त्यांनी लक्षात घेतलं. 1742 मध्ये त्यांनी या दोन खुणांमध्ये 100 समान भाग केले. गंमत म्हणजे, त्यांनी उकळत्या पाण्याला 0 दिला आणि बर्फाला 100!

आता वर्गातल्या फळ्यावर या. आजचं समीकरण असं :

फॅरनहाइट = 1.8 × सेल्सिअस + 32

आणि सेल्सिअस यांच्या मूळ पट्टीसाठी :

फॅरनहाइट = 212 − 1.8 × सेल्सिअस

पहिल्या रेषेचा चढ 1.8, दुसरीचा −1.8. पहिली रेषा वाय-अक्षाला 32 वर छेदते, दुसरी 212 वर. पाणी तेच, उष्णता तीच. बदललं ते फक्त शून्य कुठे ठेवायचं आणि कोणत्या दिशेने मोजायचं. म्हणजे चढ सांगतो, एक अंश सरकलं की किती फरक पडतो. छेद सांगतो, शून्यापाशी किती होतं. शून्य म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे, ती माणसाने निवडलेली सुरुवात आहे.

मुलं इथेच चुकतात. ताप 37 वरून 39 सेल्सिअस झाला, तर फॅरनहाइटमध्ये किती वाढला? बरीच मुलं 2 ला 1.8 ने गुणून वर 32 मिळवतात. उत्तर मात्र 3.6 आहे, म्हणजे 98.6 वरून 102.2. वाढ काढताना फक्त चढ लागतो, 32 नाही. हा प्रश्न आज घरी नक्की विचारून बघा.

सेल्सिअस 1744 मध्ये क्षयरोगाने गेले, अवघ्या 42 व्या वर्षी. त्यानंतर लवकरच पट्टी उलटवली गेली आणि 1948 मध्ये तिला अधिकृतपणे त्यांचं नाव मिळालं. रेषेची दिशा बदलली, पण त्यांच्या त्या दोन खुणा तशाच राहिल्या.