पक्षिमित्र सालीम अली

सालीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून त्यांना नवल वाटले. तिची जात विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना तेथील पक्षिसंग्रह दाखविला, आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

१९३० च्या पावसाळ्यात किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो. मादीने ते पसंत केले, तरच तो ते पुरे करतो, हे त्यांनी दाखवून दिले.

भरतपूरच्या पाणथळीत १९३८ साली एका शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. तेथे पक्ष्यांना अभय मिळावे म्हणून ते पुढे झटले.

वन्यजीवरक्षणाचा गेटी पुरस्कार त्यांना लाभला. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणासाठी त्याच संस्थेस अर्पण केली. १९८७ साली ते निवर्तले.

मुलांनो, चिमणी तर अनेकांनी मारली असेल. परंतु सालीम अलींनी तिचे नाव विचारले. त्या एका प्रश्नातूनच पक्ष्यांचा थोर रक्षणकर्ता घडला.