पॅरिसहून अजिंठ्याला : अमृता शेरगिल

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा मला आग्रह झाला. तेव्हा एकच नाव मनात आले, चित्रकर्ती अमृता शेरगिल. त्याचे कारण आमच्या घरातच आहे. माझी नात चित्रकला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन चित्रकला आणि तिचा इतिहास शिकावा, असा तिने ध्यास घेतला आहे. मुलीच्या जातीने एवढ्या दूर कशाला जावे, असे पहिल्यांदा मीच म्हणाले.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. वडील उमरावसिंग पंजाबातील सरदार घराण्यातले, संस्कृतचे व्यासंगी. आई हंगेरीची, गाण्याची जाणकार. १९२१ साली हे कुटुंब सिमल्यास आले. लेकीच्या हातातला गुण आईने हेरला व १९२४ साली तिला घेऊन ती काही महिने इटलीतील फ्लॉरेन्स येथे राहिली. पुढे १९२९ साली तर अमृताच्या शिक्षणासाठी सारे बिऱ्हाडच पॅरिसला हलले. लेकीच्या कुंचल्यासाठी आईबापांनी घर हलवावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

तेथील प्रसिद्ध कलाशाळेत लुसियँ सिमों या गुरूंच्या हाताखाली तिने मनुष्याकृती रंगविण्याचा कसून अभ्यास केला. सुट्टीत ती हंगेरीस आजोळी जाई आणि तेथेही चित्रे काढी. १९३२ साली काढलेल्या ‘तरुण मुली’ या चित्राबद्दल पुढच्याच वर्षी तिला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. वय अवघे वीस! एवढा मान पदरात पडल्यावर दुसरी कोणी तेथेच राहिली असती. अमृताला मात्र हिंदुस्थानची ओढ लागली व १९३४ च्या अखेरीस ती परतली.

१९३६ च्या डिसेंबरात ती आपल्या मराठवाड्यात आली आणि तिने वेरूळ-अजिंठा पाहिले. अजिंठ्याच्या भिंतींवर भुसा-काड्या मिसळलेल्या मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा हात आणि मग गेरू, पिवळी माती, काजळ असे रंग. डोंगरकड्याच्या जुन्या घरांतील माती-गेरूची भिंत ज्यांनी सारवली आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांनी अमृता भारून गेली. पुढे दक्षिणेत फिरून तिने १९३७ साली ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे काढली. त्यांत अजिंठ्याची नक्कल नाही. हात पॅरिसमध्ये कमावलेला आहे आणि रंगांतली ऊब व माणसांची शांत बैठक येथली आहे. त्याच वर्षी ‘तीन मुली’ या तिच्या चित्रास मुंबईच्या आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

१९३८ साली तिने डॉक्टर व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह केला. लाहोरला प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच आजारी पडून ५ डिसेंबर १९४१ रोजी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती गेली. तिची चित्रे आज राष्ट्राचा ठेवा मानली जातात. त्यांतील पुष्कळशी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

भगिनींनो, एक कबुली देते. अजिंठा मीही पाहिला आहे. तरुणपणी नात्यातल्या बायकांबरोबर गेले होते. पायऱ्या मोजल्या, आत अंधार आहे म्हणून कुरकुर केली, बाहेर येऊन शिदोरी सोडली आणि परत आले. माझ्याच मुलखातले धन मला दिसले नाही, ते सातासमुद्रापलीकडे शिकून आलेल्या मुलीला दिसले. डोळे सर्वांना असतात, पण पाहायला शिकावे लागते.

हे कळल्यावर घरातला वाद मीच मिटवला. नातीला सांगितले, बाई, तू खुशाल जा. मात्र त्याआधी या दिवाळीत मला अजिंठ्याला घेऊन चल. या खेपेस मी पायऱ्या मोजणार नाही. तू दाखवशील ते पाहीन.