विश्लेषण : सर्वश्रेष्ठ गोलंदाजांच्या यादीत बाळू पालवणकर का नाहीत?

क्रिकेटमधला सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण, हा वाद दर काही महिन्यांनी मोबाइलच्या पडद्यावर नव्याने रंगतो. मुरलीधरन की वॉर्न, मार्शल की मॅकग्रा, आणि आता बुमरा. जुन्या काळाचे अभ्यासक यात सिडनी बार्न्स यांचे नाव जोडतात. पण ज्याला भारताचा पहिला मोठा गोलंदाज म्हटले जाते, त्या बाळू पालवणकरांचे नाव या यादीत कधीच दिसत नाही. ते का दिसत नाही, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्यच पाहावे लागते.

वाद नेमका कोणत्या आकड्यांवर होतो?

तुलना बहुतेक वेळा कसोटी क्रिकेटच्या आधारे होते. मुथय्या मुरलीधरन यांचे १३३ कसोटींत ८०० बळी आहेत. शेन वॉर्न यांचे ७०८. वेस्ट इंडिजचे माल्कम मार्शल यांनी ३७६ बळी २०.९४ च्या सरासरीने घेतले. इंग्लंडचे बार्न्स फक्त २७ कसोटी खेळले, पण त्यांत त्यांनी १६.४३ च्या सरासरीने १८९ बळी घेतले. १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तर त्यांनी एका मालिकेतल्या चारच कसोटींत ४९ बळी मिळवले होते. तो विक्रम आजही अबाधित आहे.

या यादीत येण्याची पहिली अट म्हणजे कसोटी सामना खेळलेला असणे. भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला. त्या वेळी बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न येण्याआधीच ते यादीबाहेर गेले होते.

बाळू पालवणकर कोण होते?

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडमध्ये झाला. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जात असे. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले, असे सांगितले जाते. पुढे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही धाकटे भाऊही नामांकित क्रिकेटपटू झाले.

घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे शिक्षण लवकर सुटले. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. काम होते मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्यातल्या युरोपीय क्लबमध्ये गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला आणि कामात नेट लावण्याची भर पडली.

नेटमधली नोकरी गोलंदाजीची शाळा कशी ठरली?

युरोपीय क्लबमधल्या साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा असे. बाळू फावल्या वेळात डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. ती पाहून त्यांना सरावाला बोलावणे सुरू झाले. त्यांत सर्वाधिक रस घेतला कॅप्टन जे. जी. ग्रेग यांनी. ग्रेग इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेले, त्या वेळचे भारतातले नामांकित युरोपीय फलंदाज. बाळूंनी बाद केले की ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे देत, ही गोष्ट आजही सांगितली जाते. महिना चार रुपये पगार असलेल्या तरुणासाठी आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांची कमाई.

रोज तासन् तास चांगल्या फलंदाजांना गोलंदाजी करून बाळूंचा टप्पा पक्का झाला. चेंडू दोन्हीकडे वळवणे, उंची देणे, हाताची क्रिया न बदलता वेग कमी-जास्त करणे हे सगळे ते या नेटमध्ये शिकले. त्या वर्षांत त्यांना फलंदाजी मात्र कधीच मिळाली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम मानले जाई आणि ते नोकराकडून करून घेतले जाई. बॅट साहेबांच्या हातात राही.

मैदानात बरोबरीचे, चहाला वेगळे?

पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपीय संघांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. तरीही त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर क्लबमध्ये मतभेद झाले. अखेर त्यांना घेण्याचा निर्णय झाला, पण अटींसह.

मैदानात सगळे खेळाडू तोच चेंडू हाताळत. चहापानाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. बाकीचे आत कपबशीत चहा घेत. हात-तोंड धुवायचे असेल तर त्यांच्यासाठी पाणी ओतायला अस्पृश्य समाजातलाच नोकर लागे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

संघ मात्र जिंकत राहिला. साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर बरेच दिवस रोलर फिरवून ठेवला होता. तिथेही बाळूंनी सात बळी घेतले. या काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा सत्कार केला आणि ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला हरकत कसली, असा मुद्दा जाहीरपणे मांडला. पुढे लोकमान्य टिळकांच्या हस्तेही बाळूंचा गौरव झाल्याचे सांगितले जाते.

मुंबईत काय बदलले?

१८९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथे त्यांना आधी लष्करात आणि मग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. ही कंपनी म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे पूर्वरूप. त्या काळी चांगल्या खेळाडूंना कंपनीच्या संघासाठी नोकरी दिली जाई. हिंदू जिमखान्यातही काही सदस्यांचा विरोध मोडून बाळूंना प्रवेश मिळाला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ मुंबईत युरोपीय संघाविरुद्ध खेळला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीय संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांच्या संघाला त्यांच्याच खेळात हरवल्याने गावोगावी आनंद झाला. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने वेगळ्याच बाजूवर बोट ठेवले. जातीचा अडसर बाजूला ठेवून संघ निवडला म्हणून हा विजय मिळाला, असा त्याच्या लेखाचा आशय होता.

बाळूंचे प्रथम श्रेणी क्रिकेट इथून सुरू झाले असे आकडेवारी मानते. तेव्हा ते तिशीला टेकले होते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू आणि मुस्लीम खेळाडू होते. संघाची कामगिरी कमकुवत राहिली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दहा गमावले आणि फक्त दोन जिंकले. ते दोन विजय होते लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध.

या पराभवांच्या रांगेत बाळू वेगळे उठून दिसले. ३५ व्या वर्षी त्यांनी पूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले, सरासरी २०.१२. खेळपट्ट्या अनोळखी, हवामान परके आणि समोर दर दोन-तीन दिवसांनी नवा कौंटी संघ, अशा स्थितीतले हे आकडे आहेत.

ते मुंबईत परतले तेव्हा अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळी दिलेल्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. शिकणाऱ्या पिढीसाठी बाळू हे त्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण होते.

इतके असून कर्णधारपद का मिळाले नाही?

१९१२ पासून मुंबईत युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लीम अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू बाळूच होते. तरीही वर्षामागून वर्षे कर्णधारपद दुसऱ्यांकडे जात राहिले. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः एका समारंभात हा मान बाळूंना मिळायला हवा होता, हे मान्य केले. निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० मध्ये वाद टोकाला गेला. बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि पै उपलब्ध नसल्याने नेतृत्व तरुण दि. ब. देवधरांकडे सोपवले गेले. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. निवेदनात त्यांनी जातीच्या कारणाने होणाऱ्या अन्यायाचा थेट उल्लेख केला. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावले गेले आणि भाऊही परत आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि नेतृत्व बाळूंकडे आले. त्यांच्या कारकिर्दीतला नेतृत्वाचा मान एवढाच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळायला एवढा काळ लागला.

क्रिकेटनंतर बाळू काय करत होते?

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींचे उपोषण सुरू असताना झालेल्या वाटाघाटींत ते होते. पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. त्यांचा कल संयुक्त मतदारसंघाकडे, म्हणजे गांधीजींच्या बाजूकडे होता.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. एकेकाळी ज्या तरुणाने त्यांना आदर्श मानले, त्याच्याविरुद्धच उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.  ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

बाळूंच्या नावावर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आहेत. सरासरी १५.२१. म्हणजे प्रत्येक सामन्यात पाचहून अधिक बळी.

त्यांना त्या काळी भारताचे ऱ्होड्स म्हटले जाई. यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स हेही डावखुरे संथ फिरकी गोलंदाज, जन्म १८७७ चा. म्हणजे दोघांच्या वयात जेमतेम दीड वर्षाचा फरक. ऱ्होड्स १,१०० हून अधिक प्रथम श्रेणी सामने खेळले आणि त्यांनी ४,१०० हून अधिक बळी घेतले, सरासरी १६.७ च्या आसपास. ते ५८ कसोटी खेळले, शेवटची १९३० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी.

इथे थोडी सावधगिरी हवी. ३३ सामने हा तुलनेसाठी फार लहान नमुना आहे. त्या काळच्या उघड्या, ओल्या-सुक्या खेळपट्ट्यांवर सगळ्याच गोलंदाजांची सरासरी कमी असे. शिवाय ऱ्होड्स मधली बरीच वर्षे प्रामुख्याने फलंदाज म्हणून खेळले. त्यामुळे १५.२१ हे १६.७ पेक्षा कमी, म्हणून बाळू श्रेष्ठ, असे गणित मांडता येत नाही.

पण नमुना लहान का राहिला, हा प्रश्न उरतोच. ऱ्होड्स यांनी पहिल्या चार हंगामांतच, चोविशीपर्यंत, ८०० हून अधिक बळी घेतले होते. त्याच वयात बाळू पुण्यातल्या नेटमध्ये आणि क्लबच्या सामन्यांत गोलंदाजी करत होते. त्या बळींची नोंद कुठल्याही अधिकृत तक्त्यात नाही. तक्त्यात दिसतात ते तिशीपासून चाळिशीपलीकडचे बाळू, तेही वर्षाला मोजक्या सामन्यांतले. भारतात तेव्हा प्रथम श्रेणीचे सामनेच मोजके होत.

मग सर्वश्रेष्ठ कोण?

बाळू जगातले सर्वश्रेष्ठ गोलंदाज होते, असे आकड्यांवरून सिद्ध होत नाही. ते नव्हते, असेही सिद्ध होत नाही. विक्रमांचा तक्ता ज्यांना खेळू दिले त्यांचीच तुलना करतो. बाळूंच्या काळात कोणाला बॅट मिळेल, कोणाला कर्णधारपद मिळेल आणि कोण कुठे चहा पिईल, हे जन्मावर ठरत होते.

पुढच्या वेळी सर्वश्रेष्ठ गोलंदाजांची यादी समोर आली की ती जरूर वाचा, वादही घाला. फक्त तिच्या तळाशी एक ओळ मनात धरावी लागेल : ही यादी सामने खेळायला मिळालेल्यांची आहे. महिना चार रुपयांवर नेट लावणारा एक गोलंदाज तिच्याबाहेर आहे.